तक्रार: नव्या घराला जुन्या दगडी कॉटेजचा भाव लावल्याबद्दल

प्रति,
तक्रार विभाग (घराचं व्हॅल्युएशन करणारी तुमची सर्व्हेयर कंपनी)

दिनांक: २२ एप्रिल २०२५

विषय: मोरटन-इन-मार्श (इंग्लंडमधलं कॉट्सवोल्ड भागातलं गाव) इथल्या आमच्या घराचं हेल्प टू बाय इक्विटी लोन फेडण्यासाठी तुम्ही केलेलं व्हॅल्युएशन, रिपोर्ट दिनांक १० मार्च २०२५

नमस्कार,

याआधी १४ मार्चला आणि मग २७ मार्चला इंग्रजीत ईमेल केली होती, दोन्ही वेळेला "तुमची तक्रार आम्ही गांभीर्याने घेतो" एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलं आणि पुढे शांतता. तुमच्या तक्रारीच्या पानावर लिहिलंय की ग्राहक आपल्या भाषेत लिहू शकतो, भाषांतर आम्ही करून घेऊ. मग घ्या करून. इंग्रजीत मी कितीही चिडले तरी हातून 'काइंडली' आणि 'सॉरी टू बॉदर यू' हेच टाइप होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं बाईंचं काही फार अडलेलं नाहीये. अडलंय. ८,६०० पौंडांचं अडलंय.

आम्ही हे घर सप्टेंबर २०१७ मध्ये बिल्डरकडून नवं कोरं घेतलं, ३ लाख २५ हजार पौंडांना. आमचं डिपॉझिट पाच टक्के, बँकेचं मॉर्गेज पंच्याहत्तर टक्के आणि सरकारचं इक्विटी लोन वीस टक्के म्हणजे ६५ हजार. ही स्कीम २०१३ ला आली आणि २०२३ ला बंद झाली, इंग्लंडभर जवळपास ३ लाख ८७ हजार घरं यात गेलीत, म्हणजे तुमच्यासारख्यांना हे काम रोजचंच असणार. तरी पुढचं लिहिते, कारण तुमचे जे सर्व्हेयर साहेब घरी आले होते त्यांना ते ठाऊक होतं का याची मला खरंच शंका आहे.

पहिली पाच वर्षं लोनवर व्याज नसतं, सहाव्या वर्षापासून १.७५ टक्के सुरू होतं आणि मग तो व्याजदर दर एप्रिलला महागाई अधिक एक टक्का इतक्या प्रमाणात चढत जातो. ते व्याज मूळ ६५ हजारांवर लागतं, तिथपर्यंत ठीक. पण फेडायला गेलं की ६५ हजार नाही फेडायचे, घराच्या आजच्या किमतीच्या वीस टक्के फेडायचे. आणि आजची किंमत म्हणजे काय, तर रिक्सचा (म्हणजे सर्व्हेयर लोकांच्या व्यावसायिक संस्थेचा) सर्व्हेयर घर आतून बघून जो आकडा कागदावर लिहील तो. विकायला काढलं तरी सुटका नाही, विक्रीची किंमत आणि व्हॅल्युएशन यातलं जे जास्त ते धरतात. म्हणजे तुमच्या एका आकड्यावर माझी आठ वर्षांची बचत वर-खाली होते, आणि त्या आकड्याचे ३६० पौंड मीच तुम्हाला दिलेत.

तर ४ मार्च, मंगळवार. मोरटनला मंगळवारी हाय स्ट्रीटवर बाजार असतो, तुमच्या साहेबांना पार्किंग सापडेना म्हणून ते उशिरा आणि वैतागूनच आले. बाहेर पाऊस, बूट न काढता वरपर्यंत गेले, ते मी सोडून देते. एकूण अकरा मिनिटं होते, त्यातली तीन फोनवर. मी रात्रपाळी करून आलेली, तरी मागे मागे फिरून सगळं दाखवत होते. मागच्या दाराशी मुलाच्या सायकलचं हँडल लागून भिंतीच्या एका ब्लॉकचा टवका उडालाय, आत करडं सिमेंट दिसतं. मी म्हटलं बघा, हा खरा दगड नाही, दगडाचा चुरा आणि सिमेंट साच्यात घालून केलेला ब्लॉक आहे, इथे नवीन घरालासुद्धा जुन्या कॉट्सवोल्ड दगडाचा तो मधासारखा रंग लागतो म्हणून बिल्डर हेच वापरतात. त्यांनी टवक्यावरून बोट फिरवलं, "लव्हली कलर" म्हणाले आणि पुढे गेले.

रिपोर्टमध्ये काय आलं? "नैसर्गिक कॉट्सवोल्ड दगडातलं बांधकाम". बोटाला सिमेंट लागलेलं असताना!

मग क्षेत्रफळ. एनर्जी सर्टिफिकेटवर आमचं घर ८४ चौरस मीटर आहे, कोणीही ऑनलाइन बघू शकतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ९६. हे वरचे १२ कुठून आले म्हणून मी आणि नवरा दोन संध्याकाळी टेप घेऊन फिरलो, शेवटी लक्षात आलं की गाडी लावायचा कारपोर्ट, ज्याला तीन बाजूंनी भिंतच नाही, तो तुम्ही घरात धरलाय, आणि वर परत 'गॅरेज: एक' असं वेगळंही लिहिलंय. म्हणजे एकच कारपोर्ट दोनदा मोजला. आमच्या इस्टेटचे रस्ते काउन्सिलने अजून ताब्यात घेतलेले नाहीत त्यामुळे घर फ्रीहोल्ड (म्हणजे जमिनीसकट आमच्या मालकीचं) असूनही मॅनेजमेंट कंपनीला वर्षाला ३१२ पौंड द्यावे लागतात, घर घेणारा प्रत्येक जण हे पहिल्यांदा विचारतो, त्याचा मात्र रिपोर्टमध्ये एक शब्द नाही.

पण खरं दुखणं कंपॅरेबल्सचं, म्हणजे तुलनेला घेतलेल्या विकल्या गेलेल्या घरांचं आहे. इक्विटी लोनच्या व्हॅल्युएशनला किमान तीन कंपॅरेबल्स लागतात, घराचा प्रकार, आकार आणि वय सारखं हवं, आणि दोन मैलांच्या आतलं हवं. तुम्ही कुठली घेतलीत? एक हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतलं अठराव्या शतकातलं कॉटेज, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं. दुसरं बोर्टन-ऑन-द-हिलचं, तेही लिस्टेड, छपरावर दगडाच्या कौलांसकट. आणि तिसरं चक्क स्टो-ऑन-द-वोल्डचं. स्टो इथून चार मैलांवर आहे हो, फॉस वे हा रोमन लोकांनी आखलेला सरळसोट रस्ता आहे, चुकायला जागाच नाही, कामाला जाताना मी रोज त्यावरून जाते आणि गाडीचं मीटर मला खोटं सांगत नाही. स्टोच्या चर्चचं ते दार, दोन्ही बाजूंना यूची झाडं असलेलं, त्याचा फोटो काढायला जगभरातून लोक येतात. आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कचऱ्याचे डबे आहेत.

ही कॉटेजेस महाग जाणारच, मला त्याचं काही नाही. लंडनच्या माणसाला पॅडिंग्टनहून दीड तासात मोरटन गाठता येतं, त्याला वीकेंडला चूल पेटवायला, कमी उंचीच्या तुळईखाली वाकून चालायला मजा येते, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते हेही त्याला कौतुकाचं वाटतं. तो गिऱ्हाईक वेगळा. आमचं घर घेणारा शाळा बघतो, बॉयलर किती जुना ते बघतो, आणि दोन गाड्या मावतात का ते बघतो.

मी मूळची वाईची. आमच्याकडे वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे कृष्णेचा घाट, लोक शूटिंगला येतात. अंतर बघितलं तर तुमच्या दोन मैलांत बसतंय. उद्या वाईच्या स्टँडमागच्या बिल्डिंगमधल्या टू बीएचकेचा भाव मेणवलीचा वाडा बघून कोणी लावला तर वाईकर त्याला चहा पाजून एसटीत बसवून देतील. माझ्या वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, अगं आपल्याकडे निदान सरकारचा रेडी रेकनर असतो, पटो न पटो पण आकडा सगळ्यांना दिसतो, तुमच्याकडे माणूस येऊन हवेचा वास घेऊन भाव सांगतो का? मी म्हटलं नाही बाबा, इथेही सगळं छापलेलं असतं. लँड रजिस्ट्रीवर प्रत्येक विक्रीची किंमत फुकट बघता येते. बघायची इच्छा पाहिजे.

मी बघितली. आमच्या घराला जोडून जे घर आहे, अगदी आरशातलं असावं तसं तेच घर, तोच बिल्डर, तेच वर्ष, तोच ८४ चौरस मीटर, तोच कारपोर्ट, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये ३ लाख ७२ हजारांना गेलं. मधली भिंत एक आहे, त्यांच्याकडे कुकर लावला तर शिट्ट्या मला मोजता येतात, पण तुमच्या सर्व्हेयरला ते घर सापडलं नाही आणि चार मैलांवरचं स्टो सापडलं. त्याच इस्टेटमधलं आणखी एक तीन बेडरूमचं ऑगस्टमध्ये ३ लाख ६५ ला आणि एक जूनमध्ये ३ लाख ७८ ला विकलं गेलंय. तिन्हींचे प्रिंट जोडलेत. तुम्ही आमच्या घराची किंमत लिहिलीत ४ लाख १५ हजार.

आता ४ लाख १५ चे वीस टक्के ८३ हजार. ३ लाख ७२ चे वीस टक्के ७४,४००. हा झाला तो ८,६०० चा फरक. आणि गंमत म्हणजे आमची बँक, जिच्याकडे आम्ही लोन फेडायला रिमॉर्गेज (जुन्याच्या जागी नवं मोठं मॉर्गेज) मागितलंय, तिने याच मार्चमध्ये याच घराची किंमत धरली ३ लाख ७० हजार. म्हणजे सरकारला देताना माझं घर महाग, बँकेकडून घेताना तेच घर स्वस्त. बरं एवढ्यावर थांबत नाही. जुनं मॉर्गेज १ लाख ९७ हजार उरलंय, त्यात ८३ हजार मिळवले की २ लाख ८० हजार होतात, म्हणजे बँकेच्या हिशोबाने घराच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या किंचित वर, आणि पंच्याहत्तरच्या वर गेलं की महागड्या व्याजाचा स्लॅब. तुमचा आकडा शेजारच्या घराच्या जवळपास असता तर आम्ही आरामात त्याच्या खाली बसलो असतो. इक्विटी लोनमध्येही नुकसान आणि पुढची पाच वर्षं दर महिन्याच्या हप्त्यातही नुकसान.

मार्चमध्ये तुमच्या ऑफिसला फोन केला तेव्हा फोनवरची मुलगी गोड बोलली, पण म्हणाली की आमचे सर्व्हेयर या ऐतिहासिक भागात वीस वर्षं काम करतायत. मला वाटतं तिथेच घोळ आहे. वीस वर्षं जुनी कॉटेजेसच बघितली की त्याच नजरेने सगळं दिसत असणार. गाव ऐतिहासिक आहे, मान्य, पण आमचं घर नाही ना. आमच्या घराचा इतिहास म्हणजे २०१७ ते आज, आणि त्यातला निम्मा काळ बिल्डरच्या मागे गळणाऱ्या शॉवरसाठी लागण्यात गेला.

मला तुमच्याकडून ठरावीक आकडा लिहून नकोय, हे स्पष्ट सांगते. सर्व्हेयरला आकडा सांगायचा नसतो, स्वतंत्र मत द्यायचं असतं, ते मला कळतं. पण तुमच्याच रेड बुकमध्ये (रिक्सच्या व्हॅल्युएशनच्या नियमपुस्तकात) बाजारभाव म्हणजे खुशीने घेणारा आणि खुशीने विकणारा यांच्यात कुठलीही जबरदस्ती नसताना जमेल ती रक्कम असं आहे. शेजारचं घर ३ लाख ७२ ला मिळत असताना आमच्याला ४३ हजार जास्त देणारा खुशीचा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याचा नंबर पाठवा, मी आजच घर विकते.

तोपर्यंत एवढं करा: दगड, क्षेत्रफळ आणि गॅरेज या चुका दुरुस्त करा, इस्टेट चार्ज लिहा, दोन मैलांच्या आतली, सारख्या प्रकारची आणि सारख्या वयाची घरं कंपॅरेबल म्हणून घ्या, आणि त्यावरून पुन्हा रिपोर्ट द्या, दुसऱ्या सर्व्हेयरकडून, फी न घेता. शेजारचं घर का धरलं नाही याचं कारण असेल तर तेही लेखी द्या, मी वाचीन. हे जमत नसेल तर ३६० पौंड परत करा, मी दुसरीकडून करून घेते. "आम्ही बघतो" असं उत्तर नकोय कारण रिपोर्ट तीनच महिने चालतो, १० जूनला संपतो, आणि तो संपायच्या आधी बँकेचं, वकिलांचं आणि सरकारी लोनवाल्यांचं सगळं जुळवायचं आहे. वकिलांना एका ईमेलला उत्तर द्यायला आठवडा लागतो हे तुम्हालाही माहीत असेल. तुमच्या तक्रारीच्या नियमाप्रमाणे माझ्या पहिल्या ईमेलपासून आठ आठवडे ९ मेला भरतात, त्या दिवशी उत्तर नसेल तर मी ओम्बड्समनकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) जाणार, फॉर्म भरून ठेवलाय, फक्त तारीख घालायची राहिलीये.

सोबत: तुमचा रिपोर्ट (चुका लाल पेनने), एनर्जी सर्टिफिकेट, लँड रजिस्ट्रीचे तीन प्रिंट, बँकेचं पत्र, इस्टेट चार्जचं बिल आणि टवक्याचा फोटो, बाजूला एक पौंडाचं नाणं धरून काढलेला, म्हणजे आकार कळेल.

पुन्हा घर बघायला कोणाला पाठवणार असाल तर मंगळवार सोडून पाठवा, बाजारामुळे पार्किंग मिळत नाही. बूट दारात काढायला सांगा. चहा मी देईन.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि केस नंबर तुमच्या फाईलवर आहेतच)