स्मरणचित्रातील फुगेवाला आणि आजचे चित्रकार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रातील काही लाख विद्यार्थी दरवर्षी बसतात. दहावीला वाढीव गुण मिळत असल्यामुळे लहान गावांतील शाळांतही या परीक्षांचे वर्ग भरतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्राचे, म्हणजे स्मरणचित्राचे गठ्ठे ज्यांनी तपासले आहेत, त्यांना त्यातले दुखणे चांगले ठाऊक आहे. ‘बाजार’ हा विषय आला की एका कोपऱ्यात पाठमोरी भाजीवाली, दुसरीकडे फुगेवाला, मागे दुकानांची ओळ आणि वरून डोकावणारी झाडाची फांदी, अशी एकच रचना कागदामागून कागदावर दिसते. ती गाइडमधून पाठ केलेली असते. ज्या मुलीच्या गावचा आठवडी बाजार नदीकाठच्या मोकळ्या रानात भरतो, जिथे फुगेवाला वर्षातून एखाद्या जत्रेलाच येतो, तीसुद्धा परीक्षेत गाइडमधलाच बाजार काढते.

या मुलांकडे कल्पनाशक्ती नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. एकच विषय किती वेगवेगळ्या वाटांनी मांडता येतो, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. गायन शिकणारे मूल आकाशवाणीवर, भजनात, लग्नाच्या मांडवात काहीतरी ऐकत असते. चित्र काढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र गाइड, दिनदर्शिका आणि दुकानांच्या पाट्या यांपलीकडे फारसे काही येत नाही. आज हयात असलेल्या, आपल्याच जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात वाढलेल्या चित्रकारांची आणि शिल्पकारांची कामे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मराठी वृत्तपत्र सर्वांत स्वस्तात करू शकते, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चित्रकलेच्या बातम्या वृत्तपत्रांत येत नाहीत असे नाही. २०१५ साली चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र मुंबईतील लिलावात एकोणतीस कोटींहून अधिक किमतीला गेले, तेव्हा ती बातमी ठळकपणे छापून आली होती. गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शनही झाले. विदर्भातील किती शाळांपर्यंत हे पोहोचले? आकडा सगळीकडे गेला. रंगाचे थर चढवत, खरवडत, पुसत एखाद्या पृष्ठभागातून उजेड कसा बाहेर काढता येतो, हे मात्र कोणी मुलांना सांगितले नाही. चित्राची किंमत कळल्याने कोणाच्या हाताला नवे काही सुचत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात कलाशिक्षक होतो, म्हणून पहिले उदाहरण इथलेच देतो. राजुरा तालुक्यातील सास्ती या गावी १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते आज जगभर ओळखले जाणारे चित्रकार आहेत. त्यांच्या घरातील माणसांनी पिढ्यान् पिढ्या कोळसा खाणीत काम केले. खैरागढ येथे शिल्पकलेचे आणि पुढे बडोद्यात उच्च शिक्षण घेतल्यावर त्यांनी विषय निवडला तो गावाचाच: जमीन उकरणारी यंत्रे, शेत गमावलेला शेतकरी, अंधारात उतरणारा कामगार. अनेकदा ते चारकोलने, म्हणजे कोळशाच्या कांडीने, थेट दालनाच्या भिंतीवर काढतात. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी एखादे अवजार किंवा यंत्राचा भाग येतो, प्राणी आणि यंत्र एकमेकांत मिसळतात, आणि मोकळे माळरान एखाद्या जखमेसारखे उघडे पडलेले दिसते. त्यांची कामे २०१४ साली साओ पाउलोच्या आणि २०२२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होती. वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ हा मानाचा पुरस्कार २०२१ साली सहा कलावंतांना विभागून देण्यात आला, त्यांत ते होते. वेल्स हाही कोळशाचाच मुलूख असल्यामुळे सास्तीच्या खाणीची गोष्ट तिथल्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यातील मुले खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर आणि कोळशाचे ट्रक रोज पाहतात. चित्रात मात्र ती दोन हिरवे डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नागमोडी नदी काढतात, कारण आपला परिसर चित्राचा विषय होऊ शकतो असे त्यांना वाटतच नाही. पाचपुते यांचे एक चित्र मोठ्या आकारात त्यांच्या हाती पडले, आणि हा माणूस नदीपलीकडच्या गावचा आहे एवढे सांगितले, तर कोणत्याही शिक्षकाच्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल, याची मला खात्री आहे.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे उदाहरणही असेच आहे. वारली चित्र आता साड्यांवर, कपांवर आणि सरकारी कार्यालयांच्या कुंपणभिंतींवर इतके पसरले आहे की ते कोणा एका माणसाच्या विचारातून येऊ शकते, हेच आपण विसरलो आहोत. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नविधीपुरते भिंतीवर काढले जाणारे हे चित्र रोजच्या साधनेचा विषय केले. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात जाळे सगळा पृष्ठभाग व्यापते, आणि त्या बारीक रेषांच्या विणीतून पाण्याची हालचाल जाणवू लागते. १९८९ साली पॅरिसमधील गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ आज तीच पांढरी रेघ घेऊन नवे विषय मांडत आहेत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या त्रैवार्षिक प्रदर्शनातही त्यांचे काम लागले होते. आमच्या शाळांत वारली चित्र म्हणजे दोन त्रिकोण जोडून काढलेला माणूस, एवढेच शिकवले जाते. आम्ही कलाशिक्षकांनीही याचा विचार करायला हवा.

शहरातील मुलांसाठी सुधीर पटवर्धन यांच्यापेक्षा चांगला सोबती मला सुचत नाही. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात तीस वर्षे त्यांनी वैद्यकीय काम केले आणि त्याच काळात इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधील प्रवासी, पुलाखालून जाणारी गर्दी, गिरण्यांच्या जागी उभे राहणारे मनोरे हे सगळे रंगवले. त्यांच्या चित्रांतील माणसे ओळखीची वाटतात, पण रचना तशी सरळ नसते. एकाच कॅनव्हासवर रस्ता वरूनही दिसतो आणि समोरूनही, त्यामुळे आपण नेमके कुठे उभे राहून हे शहर पाहत आहोत, असा प्रश्न पडतो. पटवर्धन यांचे आणखी एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन मुंबईबाहेरच्या शहरांत नेण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. मूळ चित्रासमोर उभे राहण्याची संधी जिल्ह्याच्या गावी मिळणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना कदाचित चटकन उमगणार नाही.

शिल्पकलेची स्थिती चित्रकलेहून बिकट आहे. शिल्प म्हटले की आपल्यापुढे चौकातील पुतळा येतो. त्या परंपरेचा अभिमान आहेच. धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतार यांनी गुजरातमधील सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्यापर्यंत ती नेली. परंतु शिल्पाच्या वाटा तेवढ्याच नाहीत, हे मुलांना कळले पाहिजे. नागपूरचे वलय शेंडे धातूच्या छोट्या छोट्या चकत्या जोडून माणसांच्या आकृती घडवतात. मुंबईत हाजी अलीच्या चौकातील त्यांचा डबेवाला येता-जाता कोणालाही पाहता येतो. मुंबईचे जितिश कल्लाट यांनी दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी गांधीजींनी केलेले भाषण हाडांच्या आकारातील सुमारे साडेचार हजार अक्षरांतून मांडले. गांधीजींनी १९३९ साली हिटलरला लिहिलेले पत्र त्यांनी धुक्याच्या पडद्यावर प्रकाशाने उमटवले, आणि पाहणाऱ्याला त्या अक्षरांतून चालत पलीकडे जावे लागते. २०१९ साली व्हेनिसमधील भारताच्या दालनात ते काम होते. आठवीतल्या मुलाला याचे वर्णन सांगून पाहावे. तो लगेच विचारतो, “सर, धुक्यावर पत्र कसं दिसतं?” वर्गातील शिक्षणाची खरी सुरुवात अशा प्रश्नापासून होते.

पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढणाऱ्यांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तो विषय थेट वृत्तपत्राच्या कक्षेत येतो. दीनानाथ दलाल यांची मुखपृष्ठे पाहत मराठी घरांतील एक पिढी मोठी झाली. ज्यांच्या घरी विकत घेतलेले एकही चित्र नव्हते, त्यांच्याकडेही दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ होते आणि ते जपून ठेवले जाई. वसंत सरवटे यांची रेषा, पद्मा सहस्रबुद्धे यांची मुखपृष्ठे, पुढे सुभाष अवचट आणि चंद्रमोहन कुलकर्णी यांचे काम यांनी वाचकाची नजर घडवली. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतःच चित्रे काढलेली मुलांची पुस्तके तर प्रत्येक प्राथमिक शाळेत हवीत. त्यांच्या चित्रांतील घरात दोरीवर वाळत टाकलेले कपडे असतात, ओट्यावर भांडी असतात, आणि आजी बसते तशीच आजी बसलेली असते. साधी गोष्ट बारकाईने पाहणे हीसुद्धा कल्पनाशक्तीच आहे, हे मुलांना त्यातून न सांगता समजते. असे असताना आज अनेक पुरवण्यांत कथेचे, लेखाचे नाव ठळक असते आणि सोबतच्या चित्राखाली कोणाचेही नाव नसते. अलीकडे तर यंत्राने तयार केलेली गुळगुळीत चित्रे लेखांना जोडली जाऊ लागली आहेत. चित्र कोणी काढले हे न छापणे हा त्या चित्रकारावर अन्याय आहेच, शिवाय जो मुलगा ते चित्र पाहून त्या माणसाची आणखी चित्रे शोधू इच्छितो, त्याची वाट तिथेच बंद होते.

हातात मोबाइल असताना वृत्तपत्र कशाला, असे कोणी म्हणेल. मोबाइलवर चित्रे आहेत, हे खरे. पण ज्याला नाव माहीत आहे त्यालाच ती सापडतात, आणि सापडली तरी तळहाताएवढ्या पडद्यावर दुसऱ्या क्षणी पुढे सरकतात. दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे: मुले गाइडची नक्कल सोडून या मोठ्या चित्रकारांची नक्कल करू लागतील. काही काळ करतीलही. मात्र गाइडच्या नकलेत विचारण्यासारखे काही नसते. पाचपुते यांच्या चित्राची नक्कल करणाऱ्या मुलाला, इथे डोक्याच्या जागी यंत्र का आहे, हा प्रश्न टाळताच येत नाही, आणि उत्तर शोधताना तो स्वतःच्या घराकडे, वडिलांच्या कामाकडे पाहू लागतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात एखादी वस्तू चित्रात येताना चित्रकाराच्या मनात काय काय घडते, हे मराठीतच लिहून ठेवले आहे. १९९० पासून ते आपल्याकडे आहे. सतीश नाईक यांनी १९८७ साली सुरू केलेल्या ‘चिन्ह’ या कलाविषयक अंकाने चित्रकलेविषयी मराठीत गंभीरपणे लिहिता येते हे दाखवून दिले. भाषेची अडचण नाही. रोज घरी येणाऱ्या कागदावर जागा नाही, एवढीच अडचण आहे.

म्हणून विनंती अशी की, आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला आजच्या एका चित्रकाराचे, शिल्पकाराचे किंवा पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंताचे एकच काम, निदान पाव पान तरी मोठे, रीतसर परवानगी घेऊन आणि रंगांत छापावे. सोबत माध्यम, आकार, वर्ष, कलावंताचे गाव आणि ते काम प्रत्यक्ष कुठे पाहता येईल, एवढी माहिती द्यावी. मजकूर दोनशे शब्दांहून अधिक नको. लिलावाची किंमत मुळीच नको. मुंबईतील जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि खासगी कलादालनेही कोणाही माणसासाठी मोफत उघडी असतात, हे असंख्य वाचकांना माहीत नाही. ते आवर्जून सांगावे. गोव्यात पिळर्ण येथे सुबोध केरकर यांनी उभारलेले संग्रहालय आहे, त्याची ओळख तिकडे सहलीला जाणाऱ्या शाळांना करून द्यावी. जिल्हा आवृत्तीत त्या त्या जिल्ह्यातील कलावंत घ्यावेत. नावे कमी पडणार नाहीत. आणि आपल्या पुरवण्यांतील प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव यावे.

विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, आणि रेखाकला परीक्षांचे वर्ग त्यानंतर लगेच सुरू होतात. हे साप्ताहिक सदर तेव्हापासून सुरू झाले तर परीक्षेच्या आधी दहा-बारा चित्रे मुलांच्या पाहण्यात येतील. आमच्या भागातील कलाशिक्षक ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवतील आणि वर्गात लावतील. याबाबत काही सहकाऱ्यांशी माझे बोलणे झाले आहे, आणि त्यांची तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
वरोरा (जि. चंद्रपूर)