बाबा, साधं शटर इथे चालत नाही

मेपल ग्रोव्ह, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं खुशाल आहोत. ओवीचा खोकला गेला, सायलीच्या रात्रपाळ्या संपल्या, माझी नोकरी जागेवर आहे. आई दर फोनला हेच तीन प्रश्न विचारते, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

रविवारी बाबा म्हणाले, "गॅरेजला साधं शटर बसवून टाक की, एवढा कसला विचार?" आणि मी चिडून फोन सायलीकडे दिला. मग दिवसभर बोचत राहिलं. ज्यांनी चाळीस वर्षं कराडात पत्रा विकला, त्यांच्याशी मी पत्र्यावरून हुज्जत घालत होतो. आता शांतपणे लिहितो.

गॅरेजचा जुना दरवाजा सायलीनं नाही, मी ठोकला. तो पुरता वर जायच्या आत गाडी मागे घेतली. कुणाला काही लागलं नाही, मागच्या दिव्याची काच तेवढी गेली. पण दरवाजाचे खालचे दोन भाग चेपले, आणि त्या नमुन्याचे भाग आता मिळत नाहीत. सगळाच बदलणं भाग होतं. हौस म्हणून नाही घेतला, एवढं ध्यानात ठेवा.

आपलं शटर वर नळीला गुंडाळलं जातं. हा गुंडाळत नाही. चार आडवे रुंद भाग बिजागऱ्यांनी जोडलेले असतात, दोन्ही बाजूंच्या रुळांतून चाकांवर वर जातात आणि छताखाली आडवे होऊन राहतात. आमचा १६ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे घराच्या तोंडाचा निम्मा भाग तोच. शटरच्या पट्ट्यांतून वारा येतो, ते कराडला चालतं. इथे जानेवारीत काही रात्री उणे २५ होतं, आणि गॅरेजच्या बरोब्बर वर ओवीची खोली आहे. गेल्या हिवाळ्यात पोरगी मोजे घालूनच झोपायची. (आई, तू पाठवलेले लोकरीचे. दोन जोड आणखी चालतील.)

लाकडी दरवाजा मला फार आवडला होता, आपल्या जुन्या घराच्या दारासारखा. पण दर दोन-तीन वर्षांनी रंग लावा, पावसात फुगतो, वजनही फार. ॲल्युमिनियम आणि काचेचा म्हणजे थेट शोरूम, आणि थंडीला मोकळं रान. राहिला पोलादी पत्रा. त्यातही गेज आलाच, बाबा, तुमच्या दुकानातला तोच उलटा हिशोब, आकडा लहान तर पत्रा जाड. दरवाजेवाला २८ चा दाखवत होता. मी अंगठ्यानं दाबला, तर खळगा पडतोय की काय असं वाटलं. २४ चा आहे का म्हणून विचारलं तेव्हा तो माझ्याकडे नीट बघायला लागला. ही तुमचीच कमाई.

पत्र्याच्या आत काय भरलंय त्यावर खरी किंमत ठरते. स्वस्तातल्यात नुसता एक पत्रा. त्याच्या वरच्यात मागून थर्मोकोलचे कापलेले तुकडे बसवतात. आम्ही घेतला त्यात दोन पत्र्यांच्या मध्ये फोम ओतून भरलेला आहे, कानाकोपऱ्यात पोचतो आणि दरवाजा वाजतही नाही. प्रत्येकावर ऊब धरण्याचा एक आकडा लिहिलेला असतो, त्याला आर व्हॅल्यू म्हणतात. तो आकडा मधल्या भागाचा असतो, फटींचा नाही. म्हणून मी कडेच्या पट्ट्या आणि खालचं रबर नवीन आणि चांगलं टाकून घेतलं. त्याचे वेगळे पैसे पडले, पण तिथे काटकसर केली असती तर वरचा सगळा खर्च पाण्यात.

रंग माझा नाही, सोसायटीचा. इथे बंगला स्वतःचा असला तरी सोसायटीला फॉर्म भरून रंग मंजूर करून घ्यावा लागतो. मला गडद तांबडा हवा होता. यादीत पांढरा, बदामी आणि तपकिरी. बदामी घेतला.

आता आईचा प्रश्न. दाराला तोरण लावलंस का, आणि लोक कुठून येतात? आई, हे नीट समजून घे, मलाही दोन वर्षं लागली. इथे घराला छान पुढचं दार असतं, पायऱ्या असतात, पायपुसणं असतं, आणि त्या दारानं कुणीही येत नाही. घरचा माणूस गाडीत बसल्या बसल्या लांबूनच बटण दाबतो, गॅरेज उघडतं, गाडी आत जाते, मागे दरवाजा बंद होतो आणि माणूस आतल्या आत स्वयंपाकघरात उगवतो. शेजारी दिसतो तो बंद होणाऱ्या दरवाजाखाली, आधी डोकं जातं, मग खांदे, शेवटी बूट. समोरच्या आजोबांना मी पहिलं वर्षभर बुटांवरून ओळखायचो. पुढची बेल वाजली तर घरात सगळे दचकतात, बहुधा पार्सलवाला असतो. आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांच्या गॅरेजात गाडी मावतच नाही. जुने सोफे, नाताळची झाडं, सायकली, मुलांच्या बाबागाड्या भरलेल्या, आणि तीस-चाळीस हजार डॉलरची गाडी बाहेर बर्फात. आमच्यात मावते, काळजी नको. (एक बाजू रिकामी आहे. दुसरीकडे तुझ्या कुकरचं खोकं अजून तसंच आहे.) तेव्हा तोरण पुढच्या दाराला लावलं, ते कुणी बघत नाही. दसऱ्याला झेंडूची माळ गॅरेजमधून स्वयंपाकघरात येणाऱ्या दाराला लावली. लक्ष्मी आलीच तर त्याच वाटेनं येणार.

ओवी दरवाजाखाली सापडेल ही भीती काढून टाक. दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत एकेक डोळा आहे. मध्ये काही आलं की खाली येणारा दरवाजा उलटा वर जातो. १९९३ पासून इथे घरगुती मोटारीला अशी काहीतरी सोय कायद्यानं लागतेच. शिवाय नुसता अडला तरी परततो. मी लाकडाची जाड फळी आडवी ठेवून तपासलं, टेकला आणि वर गेला. ओवीनं टाळ्या वाजवल्या आणि स्वतःची बाहुली ठेवायला निघाली, तिला आवरलं. वीज गेली तर लाल दोरी ओढायची आणि हातानं उचलायचा. मोटार साखळीची न घेता पट्ट्याची घेतली, पोरीच्या झोपेसाठी.

स्प्रिंगवर मात्र मी अडलो. दरवाजाचं वजन मोटार उचलत नाही, वरची पिळाची स्प्रिंग उचलते, तुमच्या शटरसारखंच. तिचं आयुष्य उघडझापीत मोजतात. साधी १०,००० वेळांची, थोडे पैसे जास्त टाकले की २०,००० ची. दरवाजेवाल्यानं सहज विचारलं, "किती वर्षं राहणार या घरात?" बाबा, तुम्ही दर फोनला आडून विचारता तेच. मी म्हटलं, बघू. तो पेन धरून उभाच. आमच्याकडे दिवसाला चार वेळा उघडतो. भागाकार तुम्ही माझ्याआधी करून टाकाल. मी मोठी घेतली. थंडीत साधी मोडते असं तो म्हणाला, म्हणून. त्यातून दुसरा काही अर्थ काढू नका.

पैशाचं मनूकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. दरवाजा, मोटार, मजुरी, जुना उचलून नेणं, सगळं धरून साडेतीन हजार डॉलर. रुपये करू नका, मी करून बघितलेत. जुलैत मी तिकिटं महाग आहेत म्हणून दिवाळीचं नाही म्हणालो होतो. आई, तू तेव्हाही काही बोलली नाहीस आणि आताही नाही. बोलली असतीस तर बरं झालं असतं. गेज निवडताना मला पडवीची आठवण आली नाही असं समजू नका. प्लास्टिक टाकून हा पावसाळा काढलात, पुढचा काढायचा नाही. पत्र्याचे अर्धे पैसे सोमवारी टाकले आहेत, उरलेले जानेवारीत नक्की. बाबा, तुमच्या ओळखीनं स्वस्तातला पातळ आणू नका.

मनूच्या सांगलीच्या स्थळाचं सायलीला पटलंय, मला मुलाचा फोटो जरा गंभीर वाटला. पत्रिका जुळत असेल तर थांबू नका. त्यांनी "भाऊ लग्नाला येणार ना?" असं विचारलं म्हणे. हो म्हणून सांगा. मेमधला मुहूर्त धरा, रजा मी आत्ताच टाकतो, कार्यालयाचा ॲडव्हान्सही मीच भरतो. तिघं येऊ, निदान मी आणि ओवी तरी.

मोठ्यांना नमस्कार, मनूला चिडव.

तुमचा
सचिन

ता. क. बाबा, मनू म्हणाली दुकानाच्या शटरला तुम्ही अजून स्वतः स्टुलावर चढून ग्रीस लावता. शेजारच्या पोराला शंभर रुपये द्या आणि त्याला चढवा. तुम्ही खाली उभं राहून फक्त स्टूल धरा.