आई-बाबा, नव्या विमानाबद्दल

बेळगाव

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एकच इंजिन हाय म्हणतीस, आणि वर बंद पडलं तर गं?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि बोलणं जेवणाखाणावर गेलं. पण हा प्रश्न तसाच सोडून देण्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या मालकांनी हवाई सर्वेक्षणासाठी घेतलेलं विमान सांबऱ्याला, इथल्या विमानतळावर, आलंय. सेसना कंपनीचं टर्बो २०६. सहा आसनं, पंख डोक्यावर, नाकावर एक प्रॉपेलर. मी ज्यावर शिकले त्या सेसनाच्याच १७२ विमानाचं इंजिन १८० अश्वशक्तीचं, याचं ३१० चं. नवं म्हणजे आपल्याला नवं, आधी ते दुसऱ्यांकडं होतं. म्हणून सुरुवातीला मी ते उडवायची घाईच केली नाही. जुनी लॉगबुकं वाचली, मेकॅनिकबरोबर इंजिनाचं झाकण उघडून प्रत्येक नळी कुठून कुठं जाते ते बघितलं. यंत्राची आधी ओळख करून घ्यायची ही सवय तुमचीच.

टर्बो तुम्हाला मी काय समजावणार? तुमच्या शेवटच्या ट्रकला होताच की. आंबोलीचा घाट चढताना त्याची शीळ मला अजून आठवते. इथंही तेच. वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. पण विमानाला त्याची गरज जास्त, कारण वर जाल तशी हवा विरळ. साध्या इंजिनात दर हजार फुटांना हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे एका इंचानं उतरतो. समुद्राकाठी तीस इंच असेल, तर सांबऱ्याची धावपट्टीच अडीच हजार फुटांच्या आसपास, म्हणजे उभ्या जागी अडीच इंच गेले. त्यात आत्ताचं ऊन. पारा ३६ वर गेला की इथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी पातळ होते आणि भर दुपारी १७२ जमीन सोडायला फार वेळ घेतं. या इंजिनात मात्र दाब ३९ इंचांपर्यंत भरता येतो. पहिल्यांदा उडाले तेव्हा पाठ सीटला टेकली आणि नाक डावीकडं ओढू लागलं. उजवा पाय भक्कम दाबून धरावा लागतो. खरं सांगते बाबा, फार आनंद झाला.

पण ही ताकद सांभाळून वापरावी लागते. थ्रॉटल एकदम पुढं ढकलायचा नाही. टर्बो क्षणभर मागं राहतो आणि मग जोरात येतो. तेल अजून गार असेल तर दाब मर्यादेच्या वरही जाऊ शकतो. म्हणून तेल तापू द्यायचं, मग हळूहळू. उतरतानाही तसंच. कणकुंबीकडून परतताना सांबरा बराच लांब असतानाच मी खाली यायला लागते, इंजिनातला दाब एकेक इंच कमी करत, म्हणजे तापलेले सिलिंडर एकदम गार पडत नाहीत. आणि जमिनीवर आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. ते चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेऊ शकतं आणि त्याच्या बेअरिंगला गार ठेवणारं असतं ते फक्त तेल. लगेच बंद केलं तर तेल तिथंच थांबतं आणि जळून त्याचा कोळसा होतो. तुम्ही दारात ट्रक उभा करून इंजिन चालूच ठेवून बसायचा आणि आई आतून म्हणायची, "डिझेल फुकटचं हाय काय?" आई, ते यासाठी होतं गं.

एका गोष्टीत मी कुणावर सोडत नाही, ती म्हणजे इंधन. विमानावर 'टर्बो' लिहिलेलं बघून त्यात जेटचं इंधन भरलं गेलं आणि अपघात झाले, असं जगात घडलंय. जेटचं इंधन रॉकेलच्या जातीचं, आपल्याला लागतं विमानाचं पेट्रोल. ते निळसर असतं. म्हणून भरताना मी स्वतः उभी राहते. नंतर पंखाखालच्या तोटीतून काचेसारख्या पारदर्शक नळीत थोडं काढते आणि उजेडाकडं धरून बघते. निळा रंग, रॉकेलचा वास नाही, तळाला पाण्याचा थेंब नाही. मगच टाकीचं झाकण लावायचं.

आता तुमचा प्रश्न. इंजिन बंद पडलं तरी विमान धाडकन खाली येत नाही, तरंगत उतरतं. हजार फूट उंचीमागं अडीचेक किलोमीटर, वाऱ्याप्रमाणे कमीजास्त. जमिनीपासून आठ हजार फुटांवर असले तर जवळजवळ वीस किलोमीटरच्या टापूत जागा शोधता येते. उंची म्हणजे हातातला वेळ, आणि टर्बोमुळं ती उंची लवकर गाठता येते, राखताही येते. बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळ्या मातीची सपाट शेतं आहेत, या दिवसांत बरीचशी मोकळी. खानापूरच्या पलीकडं मात्र दाट रान, तिथं जागा नाही. म्हणून तिकडं जाताना मी मुद्दाम आणखी वर राहते. इंजिन कधीच बंद पडणार नाही असं मी म्हणणार नाही. पण वर असताना 'आत्ता बंद पडलं तर कुठं?' याचं उत्तर माझ्यापाशी कायम तयार असतं.

या विमानाचं एक दार मात्र मला आवडलं नाही. उजवीकडं मागं दुपाखी दार आहे. पंखाचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, खाली असले की दाराचा पुढचा अर्धा भाग त्यांना अडतो, आणि त्या फटीतून हात घालून मागच्या भागाचा लाल दांडा फिरवावा लागतो. बरोबर येणाऱ्या सर्वेक्षणाच्या पोरांकडून मी ते डोळे मिटून करवून घेते. कंटाळतात, पण करतात.

आई, फोटोत माझ्या नाकाला नळी बघून तू घाबरलीस म्हणे. मला काही झालेलं नाही. दहा हजार फुटांच्या वर जास्त वेळ राहायचं असलं की ऑक्सिजन लावावा लागतो, तसा नियमच आहे.

बाबा, पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा सांबऱ्याला या. निपाणीहून सकाळची एसटी धरलीत तर दुपारपर्यंत पोचाल. आत यायचा पास मी मागून बघते, त्यासाठी आधार कार्ड लागेल. इंजिन चालू करून दाखवीन, कान तुमचा चांगला आहे, ऐकून काय वाटतं ते सांगा. आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्याच चिठ्ठीवर पुढच्या महिन्याच्या आणून ठेवा. पैसे पाठवलेत.

तुमची,
वैजू