मेगरचा आकडा मे महिन्यात घेतला की जुलैत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी घरातलं आणि विहिरीवरचं वायरिंग तपासून घ्या असं आपल्या पेपरात आलं होतं, चांगलं केलंत, पण त्यात मेगर (वायरच्या इन्सुलेशनमधून करंट गळतो का ते तपासायचं मीटर) रीडिंग १ मेगाओहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या, वर असलं की केबल सेफ असं एका ओळीत उरकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी गुहागर-दापोली पट्ट्यात वायरमनचीच कामं करतो.

१ मेगाओहम हा आकडा नियमातला आहे, त्याबद्दल वाद नाही. लाइव्ह वायर आणि अर्थिंगच्या मध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचे आणि रीडिंग निदान तेवढं यायला हवं. हिशोब केलात तर २३० व्होल्टला १ मेगाओहममधून जेमतेम पाव मिलिअँपिअर लीक होतो, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडायला इन्सुलेशन पार सात-आठ हजार ओहमवर उतरावं लागतं, त्यामुळे १ मेगाओहमला लगेच शॉक बसतो असं काही नाही. पण हे ३५ मार्कांसारखं आहे हो, पास झाला एवढंच कळतं. चांगल्या एक्सएलपीई (हा इन्सुलेशनच्या प्लास्टिकचा प्रकार) केबलचा पन्नास-साठ मीटरचा तुकडा शेकड्यांत नाहीतर हजारांत मेगाओहम दाखवतो. समजा तीन फेजच्या केबलला दोन कोअर, म्हणजे आतल्या वायरी, ६०० च्या आसपास आले आणि तिसरा आला ५, तर रिपोर्टवर तिन्ही पास, पण मी त्या तिसऱ्याचं ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला जोड) उघडून बघितल्याशिवाय सही करणार नाही. आकड्यापेक्षा शेजारच्या कोअरशी आणि गेल्या वर्षीच्या रीडिंगशी किती फरक पडलाय ते जास्त बोलतं. गेल्या वर्षीचं रीडिंग लिहून ठेवलेलं असतं कुणाकडे, हा वेगळा प्रश्न.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे घरापासून विहिरीपर्यंत नाहीतर गोठ्यापर्यंत जी केबल जाते ती बऱ्याच ठिकाणी बिनआर्मरची, म्हणजे वर धातूचं कवच नसलेली, पीव्हीसी पाइपात ओढून आगरातून पुरलेली. कधीतरी माडाला आळं करताना कुदळ लागते, पाइप फुटतो, आत केबल सोलली जाते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात जमीन सुकलेली, पाइपात नुसती हवा. मेगरच्या करंटला अर्थिंगपर्यंत पोचायला वाटच नाही, मग काटा सरळ इन्फिनिटीवर, आणि आपण खूश. जूनमध्ये पाइपात पाणी भरलं की तीच सोललेली जागा थेट ओल्या मातीला लागते आणि मोटर चालू केली की आरसीसीबी पडते, किंवा आरसीसीबी बसवलेलीच नसेल तर पडत नाही, आणि ते जास्त वाईट. आर्मर केबलला निदान आर्मर अर्थ केलेलं असतं, पहार आत घुसली तर कोरड्यातही बहुतेक वेळा सापडतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पाइपातल्या केबलचं मेमधलं रीडिंग धरून बसू नका, आर्द्रा लागून चांगले चार पाऊस झाले की परत मेगर करा, खरं रीडिंग तेच.

याच्या उलटही होतं. खाडीच्या कडेला किंवा किनाऱ्यावर केबलच्या उघड्या टोकांवर, लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीवर) खारट चिकट थर बसतो आणि दमट हवेत करंट त्या थरावरूनच पळतो. रीडिंग येतं दोन-तीन मेगाओहम, आणि मग कोणीतरी सांगतो केबल गेली, नवी टाका. नवी टाकायच्या आधी टोकं स्वच्छ पुसा, कोरडी करा, मेगरला गार्ड टर्मिनल (थरावरून पळणारा करंट मोजणीतून वगळणारं जादा टोक) असेल तर ते वापरा, आणि परत घ्या. रीडिंग एकदम वर गेलं तर केबलला काही झालेलं नाही, घाण टोकावर होती. वर्षभर बंद असलेल्या घरांचंही तसंच, मुंबईकर गणपतीला येतात, कुलूप उघडतात आणि लायटिंग जोडतात. भिंतीतल्या बोर्डांत ओल असते, रीडिंग कमी येतं. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळली की रीडिंग चढलं तर ओल होती, जिथल्या तिथे राहिलं तर वायरच खराब.

लांबीचंही बघायला पाहिजे. १ किलोमीटर केबलला १०० मेगाओहम आणि १०० मीटरला १०० मेगाओहम हे सारखं नाही, तीच केबल १०० मीटर असती तर १००० यायला हवेत. उन्हाने तापलेल्या केबलचं रीडिंग पण कमी येतं, ढोबळमानाने १० डिग्रीला अर्धं होतं असं धरतात, म्हणून शक्यतो सकाळी घ्या आणि वेळ लिहा. लांब केबलला सुरुवातीला काटा खाली दिसून हळूहळू चढतो, ती केबल चार्ज होत असते, म्हणून पूर्ण एक मिनिट थांबायचं. आणि झाल्यावर डिस्चार्ज करायची, नाहीतर हात लावणाऱ्याला झटका.

सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज एकदम चढलं तर उपकरणं वाचवणारा), एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर हे सगळं मेगर करण्याआधी सोडवा. सर्ज प्रोटेक्टर ५०० व्होल्टला स्वतःच करंट सोडायला लागतो आणि रीडिंग खोटं कमी येतं. साध्या मल्टिमीटरने तर हे काम होतच नाही, त्याची बॅटरी पडली ९ व्होल्टची. आणखी एक, मध्येच तुटलेली केबल मेगरवर झकास दिसते कारण तो तुटलेल्या जागेपर्यंतच बघतो, तेव्हा आधी कंटिन्युइटी, म्हणजे वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का ते बघा.

एक विनंती आहे. मेगर केल्याच्या चिठ्ठीवर नुसतं "ओके" न घेता तारीख, किती व्होल्टला केलं, केबल किती मीटर, जमीन ओली की कोरडी आणि प्रत्येक कोअरचा आकडा एवढं लिहून मागा असं आपल्या वाचकांना सांगाल का? आमच्यातले काही वायरमन वैतागतील, वैतागू देत. आणि ते श्रावणात छापलंत तर बरं, गणपतीला घरं उघडायच्या आधी.

आपला,
एक वायरमन वाचक,
ता. गुहागर