पेशी मेल्या, पण किती डोसला?

मा. संपादक,

अमक्या झाडाचा अर्क कॅन्सरच्या पेशी मारतो अशा बातम्या पेपरात वरचेवर येतात, म्हणून लिहितेय. मी सेल कल्चर लॅबमध्ये काम करते. अर्क पेशी मारतो का हे बघायची टेस्ट म्हणजे ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, त्यात हेला किंवा एमसीएफ-७ सारख्या, लॅबमध्ये वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, अर्काचे कमी-जास्त डोस घालायचे, एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकायचं, जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात आणि रंग जेवढा फिका तेवढ्या पेशी मेल्या असा हिशोब.

पण डोस भरमसाट केला तर पेशी कशानेही मरतात हो! अर्क ज्या डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतो तेच जास्त झालं तरी मरतात, म्हणून तुलनेसाठी नुसतं ते घातलेले खळगे वेगळे ठेवावे लागतात. कच्चा अर्क साधारण ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत निम्म्या पेशी मारत असेल तरच पुढे न्यायचा विचार होतो, आणि तोच अर्क निरोगी पेशींचं काय करतो तेही बघावं लागतं. बातमीत यातलं काहीच नसतं. हळदीतलं कर्क्युमिन प्लेटमध्ये छान काम करतं, पोटात घेतलं की रक्तात जेमतेम पोचतं.

झाडांमधून औषध मिळत नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. सदाफुलीतून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून वापरात आहे, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही देतात. पण ते पानातून वेगळं काढून, शुद्ध करून, डोस मोजून शिरेतून देतात, पानं उकळून प्यायला नाही, ती विषारी आहेत. टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या औषधासाठी यू झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली आणि औषधाला मंजुरी मिळायला १९९२ उजाडलं.

बातमी आली की आमच्याकडे फोन येतात, पानं किती उकळायची, केमो थांबवली तर चालेल का. समोरच्या माणसाचा आवाज ऐकून पोटात कालवतं. केमो चालू असताना काढे घेतले तर काही वनस्पती लिव्हरमधल्या एन्झाइम्सवर परिणाम करून औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा निदान हेडिंगमध्येच 'फक्त लॅबमधल्या पेशींवर, माणसांवर चाचणी नाही' एवढं छापा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका, चालू उपचार थांबवू नका ही ओळ बातमीच्या वरच द्या, खाली बारीक अक्षरात नको.

आपली,
एक वाचक