पावसाआधी मंदिराच्या दुरुस्तीसाठी आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनी आणि समस्त महाबळेश्वरकर, सप्रेम नमस्कार.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली खंडाळ्याच्या बदल्यात हा डोंगर कंपनी सरकारला दिला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची पेठ इथे वसली, हे आपण जाणताच. त्या पेठेच्या अंगाखांद्यावर वाढलेले आपले ख्रिस्तमंदिर, म्हणजे चर्च, आज जर्जर झाले आहे. पूर्वेला वेदी, पश्चिमेच्या दारालगत बाप्तिस्म्याचे कुंड, टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्या आणि सागवानी कैच्यांवर (त्रिकोणी लाकडी सांगाड्यांवर) तोललेले उतरते छप्पर ही धाटणी विलायती असली, तरी अंग इथल्या जांभ्याचे आहे. हा दगड खाणीत मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो, पण पाणी पितो. म्हणून जुन्या गवंड्यांनी सांधे चुन्याने भरले, जेणेकरून आत शिरलेली ओल उघडीप मिळताच बाहेर पडावी. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भिंती टिकल्या त्या या चुन्यामुळे आणि दर मे महिन्यात बांधल्या जाणाऱ्या गवताच्या झडींमुळे, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या ताट्यांमुळे.

पुढे आपणच दक्षिणेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करवून घेतला (ठरावावर सही प्रस्तुत सचिवाचीच आहे). कोंडलेली ओल आता आतून फुटते. श्रावणात हार्मोनियममागे हात टेकला, तर तळव्याला तांबडी भुकटी लागते. गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी पुलपिटाशेजारी बादली ठेवून उपदेश केला.

मागच्या वेळी मंगळुरी कौले बदलताना एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिली पेन्शन जशीच्या तशी आणून दिली, बाजारपेठेतील एका मुस्लिम टेंपोमालकांनी भाड्याचा शब्दही न काढता पसरणी घाटाने कौले वर आणली आणि शेजारच्या वाडीने झडींचे गवत पुरवले. नावे छापलेली त्यांना रुचणार नाहीत, पण मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांना, ती पाठ आहेत. नाताळच्या प्रीतिभोजनाला मांडव अपुरा पडतो. गेल्या वर्षी श्रमदानाला मात्र सात माणसे आली, त्यांतली तीन मंडळीबाहेरची. हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

सिमेंट खरवडून चुन्याने दर्जा (दगडांमधले सांधे) भरणे, कुजलेले वासे व रीपा बदलणे, कौले चाळणे आणि झडी बांधणे ही कामे मेअखेर उरकायची आहेत. देणगी रोख अथवा मंडळीच्या नावे धनादेशाने, रविवारच्या उपासनेनंतर खजिनदारांकडे देऊन पावती घ्यावी. पुनरुत्थानदिनापर्यंत (ईस्टरपर्यंत) मिळाल्यास गवंडी ठरवता येतील. सागवान, चुना, कौलेही चालतील. सिमेंट मात्र कृपया आणू नये.

आपला नम्र,
सचिव, मंदिर दुरुस्ती समिती,
महाबळेश्वर, जि. सातारा