सूचना : बुधवारच्या प्रार्थनेबद्दल

सर्व मंडळीला प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेले काही आठवडे उपासनेला बरेच बाक रिकामे दिसतात. कोणाच्या घरी आजारपण, कोणाची नोकरी गेलेली. "तोंड दाखवायची इच्छा होत नाही," असं एक ताई म्हणाल्या. समजतं हो. पण आपला भार परमेश्वरावर टाका, असं सांगणारं बायबलमधलं स्तोत्र 55 पूर्ण वाचा. ते 22वं वचन येण्याआधी गाणारा थरथरतो, कबुतरासारखं उडून जावंसं वाटतं म्हणतो, जिवलग मित्राने दगा दिल्याची तक्रार करतो. म्हणजे रडून-भांडून केलेली प्रार्थनाही चालते. संदेष्टा एलीया तर रताम नावाच्या झुडुपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, दोनदा. उपदेश नाही!

तेव्हा बुधवारी संध्याकाळी या. बोलायचं नसेल तर नुसतं बसा. प्रार्थना विनंती चिठ्ठीवर लिहून दानपेटीशेजारच्या डब्यात टाका, नाव नको. चिठ्ठ्या फक्त पाळकसाहेब वाचतील. आणि कृपा करून कोणाच्या अडचणीची चर्चा ग्रुपवर नको. घरी भेट हवी असेल, तर चर्चच्या वडील मंडळींपैकी कोणालाही कळवा.

– सचिव